कुलूपबंद टाकी

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडे मी ड्रायव्हर होतो. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. गाडी माझ्या हातात आली तेव्हाच जुनी होती. मागचं दार आपटल्याशिवाय लागायचं नाही. पण इंजिनाच्या आवाजावरून मी तिची तब्येत सांगायचो. शाळा मी चौथीत सोडली, आणि गाडीचं काम मला कुणी शिकवलं नाही. बघून शिकलो, हात भाजून शिकलो.

त्या उन्हाळ्यात गाडीतलं पेट्रोल कमी भरायला लागलं. मी मालकांना आठवड्यातून दोनदा बेळगावला न्यायचो. निघताना टाकी भरलेली. परत आलो की दिवाणजी टाकीत काठी बुडवून बघायचे. ओल नेहमीपेक्षा चार बोटं खाली.

मालकांनी बेळगावात गाडी गॅरेजला दाखवली. मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, पंप पुसून बघितला, कार्बोरेटर बघितला, गाडीखाली वाकला. म्हणाला, "ठणठणीत कोरडी हाय. गळती असली तर गाडीत न्हाय." आणि माझ्याकडं बघून हसला.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणाला कुलूप बसलं. किल्ली मालकांच्या कमरेच्या करगोट्याला. तरी पेट्रोल कमीच. मग दिवाणजी वखारीत, तंबाखू निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "दुसरी किल्ली करून घेतली असंल, आणि काय."

मालक तसे वाईट नव्हते. त्यांनी देवळातून हळदीचा भंडारा मागवला. आमच्याकडं रीत अशी, की ज्याच्यावर आळ आला त्यानं देवाचा भंडारा हातात घेऊन सांगायचं, मी केलं नाही. मग पुढं कुणी बोलायचं नाही.

"उचल आणि मोकळा हो," मालक म्हणाले.

"न्हाय उचलणार."

"म्हंजे?"

"चोर असतो तर कवाच उचलला असता. ह्यात देवाला कशाला घालता? गाडीलाच बोलायला लावतो. आठ दिवस द्या."

"आणि न्हाय बोलली तर?"

"तर ह्या वखारीचं तोंड बघणार न्हाय."

निवडणाऱ्या बायकांतली सगळ्यात म्हातारी काकुळतीला आली. "उचल की रं बाबा. देवाला खरं कळतंय."

"देवाला कळतंय गं आक्का. दिवाणजीला कळायचं ऱ्हायलंय."

बायका हसल्या. दिवाणजी हसले नाहीत.

रात्रंदिवस डोक्यात तेच. एक गोष्ट खटकत होती. टाकी अर्धी असली की पेट्रोल बरोबर पुरायचं. कमी व्हायचं ते फक्त भरलेल्या टाकीतलं, वरचं. मी चोर असतो तर वरवरचंच कशाला चोरलं असतं?

तिसऱ्या दिवशी मालकांना घेऊन बेळगावच्या पुढं डोंगरात, कणकुंबीला गेलो. बेळगावात टाकी भरली आणि चढ चढून वर गेलो. जंगलात गाडी थांबवून उतरलो तर मागच्या चाकापाशी पेट्रोलचा वास. आमची गाडी उभी असायची वखारीत. तिथं तंबाखूच्या उग्र, झोंबऱ्या खाटापुढं नाक मेलेलं, वास येणार कुठनं? वाकून बघितलं, तर ओल नव्हती. वाऱ्यानं वाळून गेलेली.

मग बेळगावच्या पुढच्या फेरीला, निघायच्या आधी, माझ्या चंचीतला चुना काढला आणि टाकीच्या एकेका सांध्याला पातळ फासला. पेट्रोल वाळलं तरी त्याचा तांबूस डाग चुन्यावर राहतो. निपाणीत टाकी काठोकाठ भरून घेतली. निपाणी सोडली की घाट लागतो, तो चढताना गाडी मागं झुकते आणि पेट्रोल टाकीच्या तोंडाकडं सरकतं. माथ्यावर गाडी बाजूला घेतली. मालक मागं डुलक्या घेत होते. "रेडिएटरला पाणी घालतो," म्हणून गाडीखाली शिरलो.

सगळे सांधे पांढरे. एकच तांबडा. झाकणापासून खाली येणारी, पेट्रोल ओतायची लोखंडी नळी जिथं टाकीला मिळते, तिथल्या रबरी तुकड्याला मागच्या बाजूनं उभी चीर. समोरनं बघणाऱ्याला दिसणारच नाही. बेळगाव गाठेपर्यंत पेट्रोल त्या तोंडाच्या खाली उतरलेलं असायचं. मेस्त्रीला गाडी कोरडी दिसणारच.

माझा हात मात्र तिथंच थांबला. तो तुकडा आदल्या वर्षी मीच घातला होता. अस्सल मिळाला नाही, म्हणून विहिरीवरच्या इंजिनाची पाण्याची नळी कापून बसवली होती. आमच्या भागात ज्याला त्याला तीच नळी सुचते, घरोघरी पडलेली असते. पाण्याला चालते. पेट्रोल तिला खातं.

गुपचूप बदलता आली असती. पेट्रोल कमी व्हायचं थांबलं असतं आणि लोक म्हणाले असते, कुलपाला भ्याला. ते मला मंजूर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाकी परत भरायला लावली. वखारीच्या उतरणीवर गाडीचं बूड खाली करून उभी केली. चारी बाजूंना सांगितलं, विडी विझवा. बायकांना बाहेर बोलावलं.

"मालक, खाली या."

"मी? धोतर मळंल."

"मळू दे. धोतर धुता येतंय."

मालक एकदा दिवाणजींकडं, एकदा बायकांकडं बघून मुकाट्यानं गोणपाटावर आडवे झाले. मी त्यांचं बोट धरून चिरेवर ठेवलं. बोट ओलं घेऊन ते बाहेर आले आणि वास घेतला.

दिवाणजींनी विचारलं, "हा तुकडा घातला कुणी?"

"मी."

"म्हंजे तूच पेट्रोल घालवलंस."

"व्हय. चूक माझी. चोरी माझी न्हाय. दोन्ही एका तोंडानं बोलू नका."

म्हातारी मागनं म्हणाली, "आता भंडारा कुणी उचलायचा, दिवाणजी?"

दिवाणजी काठी घेऊन आत गेले.

पेट्रोल उपसून टाकी खाली उतरवली. बेळगावहून पेट्रोलला टिकणारी नळी आणून दोन पट्ट्या आवळून बसवली. पुन्हा चुना फासला आणि घाट चढून आलो. पांढरा तो पांढराच.

मालकांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्यापुढं धरली. "काढ ते कुलूप."

"ऱ्हाऊ दे, तुमच्याकडंच बरी हाय."

कुलूप निघालं नाही. पुढं गाडी विकेपर्यंत पेट्रोल पंपावर गेलं की मालकांना भर उन्हात खाली उतरावं लागायचं. ते किल्ली शोधत वाकायचे. मी जागचा हलायचो नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर.