तेल लावलेली चिठ्ठी

माझी आत्या तीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करत होती. डोळे थकले तेव्हा तिने ती सुई ठेवली आणि तांब्याचा पत्रा हातात घेतला. कागदाहून जरासाच जाड, साध्या कात्रीने कापता येणारा. त्याची ती पानं, पक्षी, पुस्तकात ठेवायच्या खुणा करायची. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर माझ्या ऑफिसातून आणलेलं जुनं माऊसपॅड, त्यावर पत्रा आणि हातात बोथट केलेली विणायची सुई. कापलेल्या कडा धारदार, त्यामुळे एखाद्या बोटाला चिकटपट्टी कायम. काका, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचे, हिच्या बोटांचे ठसे घेतले तर पोलीस चक्रावतील.

हे काम उलट्या बाजूने चालतं. अक्षर पुढून उठून दिसायला हवं तर पत्रा मागून दाबायचा, म्हणजे अक्षरही आरशातल्यासारखं उलटं काढायचं. आत्याला ते काही जमेना. मग ती कागदावर पेन्सिलीने सुलट लिहायची, त्यावर तेलाचा बोळा फिरवायची आणि कागद आरपार दिसायला लागला की पालथा घालून गिरवायची.

काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि बोलणं बंद झालं. शेवटचे चार महिने ते चिठ्ठ्या लिहीत. पाणी. उशी. पंखा बंद. आत्या वाचून लगेच केरात टाकायची. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या चिठ्ठ्या कोण जपतं? ते गेल्यावर सहा महिन्यांनी तिच्या चष्म्याच्या डबीत एक राहिलेली सापडली. बॉलपेनने लिहिलेल्या तीन ओळी:

चष्मा डोक्यावर आहे.
घरभर शोधू नकोस.
हसू नकोस, टाके दुखतात.

आत्या हसली की काकांनाही हसू फुटायचं आणि टाके ओढले जायचे. आता त्यांच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं. कागद विरेल, तांब्यात राहील, असं तिने ठरवलं.

तिने मला फोन केला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. तेलाची बाटली सापडत नाहीये म्हणाली, मग विचारलं, "या चिठ्ठीला तेल लावलेलं चालेल ना गं?" मी म्हटलं, चालेल, नेहमीसारखंच कर.

मी इंजिनियर आहे. बॉलपेनची शाई तेलातच कालवलेली असते, हे मला माहीत आहे. क्षणभर थांबले असते तर आठवलं असतं.

रविवारी गेले तर टेबलावर पत्रा होता. दोन ओळी छान उठल्या होत्या. तिसरीपर्यंत सुई पोचली तोवर शाई पसरली होती, कागदावर नुसता निळा ढग. फोटो काढला होतास का, असं विचारलं. तिचा फोन बटणांचा, हे विचारल्यावर आठवलं.

चूक माझी, असं मी सांगून टाकलं.

"तुला विचारायच्या आधीच बोळा फिरवला होता मी," ती म्हणाली. बाटली सापडत नव्हती, हे ती विसरली असावी. किंवा नसावी.

मी हटून बसले. म्हटलं, वरच्या दोन ओळींतली अक्षरं उचलून तिसरी जुळवू. ह होता, स होता, न होता, क होता. ट, द, ख आणि त मात्र कुठेच नव्हते.

"काका ट कसा काढायचे, आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" चाळीस वर्षं ती ते अक्षर वाचत आली होती. तिने पेन्सिल घेतली, ट काढला. पुसला. पुन्हा काढला. पाच-सहा वेळा काढून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

"हा माझाच येतोय गं," ती म्हणाली.

मग तिने कात्री घेतली आणि दुसऱ्या ओळीखाली पत्रा सरळ कापला.