मास्तरांच्या मिशा

"धर की. मीच हाय."

असं म्हणून मास्तर खाली वाकत आणि आपल्या मिशा त्या मुलीच्या हाती देत. चांदबीला त्यातलं काही ऐकू जात नसे. देवी आल्या तेव्हा तिचे डोळे गेले, आणि कानही. पण ती बोटांनी मिशीचं टोक शोधी, चांगला हिसका देई आणि हसे. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येई. ते हिसक्यामुळे येतं, असं ते सांगत.

बाळांनो, तुमच्या तिकडे परदेशात अशा मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. मी आले होते तेव्हा त्यातला एक खिडकीतून पाहिला. छोट्या छोट्या खुर्च्या, पट्टे, चाकं, आणि एका मुलापाशी एक बाई. घरी येईपर्यंत मला आमचे मास्तर आठवत होते.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. मी तिथल्या शाळेत शिकवत असे; इंग्रजी शिकलेली, म्हणून मला वरचा वर्ग दिला होता. मास्तरांकडे बिगरी, पहिलीच्याही खालचा वर्ग. ते मूळचे कोडोलीचे. फळ्यापाशी पुस्तकी बोलत, फळ्यापासून चार पावलं दूर गेले की कोडोलीचं. प्रत्येक मूल शाळेत आलं पाहिजे असा हुकूम निघाला, आणि मास्तर गल्लोगल्ली फिरून मुलं आणू लागले. एकदा पाठीवर तुका घेऊन आले. त्याचे पाय वळलेले, मान ठरत नसे, तोंडातून शब्द फुटत नसे. दुसऱ्या दिवशी मणेर गल्लीतून चांदबी आणली.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, अशा मुलांना सूट आहे."

"सूट हाय, मज्जाव कुठं हाय? परतेक मूल म्हंजे परतेक मूल."

हेडमास्तरांनी व्हरांड्याचं टोक दिलं आणि त्याला नाव ठेवलं, 'मास्तरांची पागा'. मास्तरांना ते नाव आवडलं. त्यांनी धान्याची एक जुनी कणगी अर्धी कापली, आत पोती कोंबली आणि तुकाला त्यात ताठ बसवलं. पहिल्यांदा अख्खा रस्ता समोर दिसला तेव्हा तुका दिवसभर ओरडत होता, आनंदानं. माझ्या वर्गाचा त्या दिवशी बोजवारा उडाला.

चांदबीचं काम अवघड होतं. पाण्याचा पेला देण्याआधी मास्तर तिच्या तळहातावर बोटांनी दोनदा थापटत. भाकरी द्यायची असली की तळहातावर गोल काढत. घरी जायची वेळ झाली की मनगटावर, बांगड्यांच्या जागी, चोळत. कारण न्यायला तिची आई येई. रोज तेच. कंटाळा म्हणून नाही. काही महिन्यांनी दोन थापा पडल्या की चांदबी ओठ पुढे करू लागली.

मी म्हटलं, "शिकली की हो मास्तर!"

"शिकली कुठं, बाई? मी देतोय, ती घेतीया. तिनं आपणहून माझ्या हातावर मारून पाणी मागितलं, म्हंजे शाळा सुरू झाली म्हणायची."

तेव्हापासून आम्ही त्यांना संध्याकाळी मुद्दाम विचारत असू, "काय मास्तर, शाळा कशी चाललीय?"

"अजून सुरू न्हाय झाली," म्हणत ते छत्री उचलत.

मग कोडोलीला त्यांचे वडील वारले. दिवसकार्य उरकून मास्तर परत आले ते डोकं आणि मिशा उतरवून. थोरला मुलगा, रीतच होती. मला आधी ते ओळखूच आले नाहीत. सोललेल्या भुईमुगासारखा चेहरा. दुखवट्याचे दोन शब्द बोलायचं सोडून मी पदर तोंडाला लावला. तेही हसले. मग सवयीनं व्हरांड्यात गेले आणि वाकले.

"धर की. मीच हाय."

चांदबीचा हात ओठावर गेला. गालावर, हनुवटीवर, पुन्हा ओठावर. मग ती अशी किंचाळली की वरच्या वर्गातली मुलं उठून उभी राहिली. मास्तरांनी तिच्या हातावर दोन थापा दिल्या. तिनं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला.

सगळ्या गोष्टींचा विचार करणारा हा माणूस. वस्तऱ्यापुढे बसताना एवढी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. ती त्यांच्यापाशी बसेना, त्यांच्या हातचं पाणी घेईना. मिशा उगवायची वाट पाहणं त्यांना जमलं नाही. नाटक कंपनीत ओळख काढून ते एक झुपकेदार मिशी घेऊन आले आणि डिंकानं चिकटवून व्हरांड्यात गेले. आम्ही सगळे खांबाआड उभे. चांदबीनं चाचपलं. तिचा चेहरा उजळला. तिनं नेहमीसारखा हिसका दिला, आणि मिशी तिच्या हातात आली.

आम्हाला हसू यायच्या आतच ते विरलं. ती ओरडली नाही. हातातला केसांचा पुंजका तिनं भिंतीकडे फेकला आणि बोटं परकराला पुसत राहिली.

"खोटं दिलं मी तिला," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आईनं तिला शिरोळला, आजीकडे पाठवून दिलं.

पावसाळा गेला. मास्तरांच्या मिशा पहिल्यापेक्षा दाट आल्या. आजी चांदबीला घेऊन परतल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "बाई, चला की जरा. बायामाणसांचं घर हाय." मी गेले.

चांदबी भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर. आजी म्हणाली, "आता लई गुणाची झालीया. पयले लई मारायची वो."

"मारायची?"

"व्हय की. सारखं हातावर." आजीनं आपल्या तळहातावर दोन बोटं मारून दाखवली. दोनदा. पुन्हा दोनदा. "ज्यो भेटंल त्येला. पावण्यांनाबी सोडलं न्हाय. कसली खोड लागली म्हनून शेवटाला हात बांधून ठेवले ओढणीनं. मग सुटली."

मास्तरांनी विचारलं, "पाणी दिलं का तिला कुणी?"

"अगा, पानी देतोच की! जेवताना."

मास्तर चांदबीपुढे वाकले. तिचा हात उचलून त्यांनी मिशांवर ठेवला. तिनं तो एकदा फिरवला, पेल्याच्या काठावरून फिरवावा तसा, आणि मांडीवर परत ठेवला.

आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत आलो. तिथं ते थांबले. "शाळा सुरू झाली व्हती, बाई. खुणा मी माझ्यापाशीच ठेवल्या. तिच्या घरात एकालाबी शिकवल्या न्हाईत."

पुढे पागेत कोणतंही मूल आलं की त्याच्या आईलाही शेजारी बसावं लागे. खुणा आधी तिच्या हातावर, मग मुलाच्या. हेडमास्तर वैतागत. मास्तर ऐकत नसत. पण संध्याकाळी आम्ही विचारलं तर आता नुसती छत्री उचलत. आम्हीच विचारायचं सोडलं.

शाळा सुटली की ते मणेर गल्लीत जात. आजी आता पेला देण्याआधी चांदबीच्या हातावर दोनदा थापटायला शिकली होती, जरा जोरातच. मास्तर उंबऱ्याशी चांदबीसमोर बसत, आपला तळहात उघडा करून तिच्या गुडघ्याला टेकवत आणि वाट पाहत.

माझं लग्न झालं आणि मी कोल्हापूर सोडलं. मास्तर गेल्याचं मला फार उशिरा, कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. चांदबीनं पुन्हा कधी आपणहून पाणी मागितलं का, ते सांगणारं कुणी भेटलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला त्या गल्लीत गेले होते. मास्तर पाठमोरे बसले होते. हात तसाच उघडा. मी हाक मारली नाही. त्या हाताला धक्का लागू नये असं वाटलं.