जास्तीचे चार किलोमीटर

मी हे मराठीत लिहितो आहे, कारण माझ्या घरात ही लिपी वाचणारं दुसरं कुणी नाही. बायको मराठी बोलते, माझ्यापेक्षा गोड बोलते, पण वाचते ती तमिळ. मुलीला सगळं कळतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते. ही अक्षरं वडिलांनी माझ्याकडून लहानपणी गिरवून घेतली होती. तेव्हा फार कंटाळा यायचा. आता त्यांचा उपयोग असा होतो आहे.

आमचं घराणं तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं. तिथे घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की शेजारच्या सांबारात चिंच जास्त पडली तरी नाकाला कळायचं. लग्नानंतर सहा वर्षांनी मी गावाबाहेरच्या एका नव्या नगरात घर बांधलं. भाताची शेतं बुजवून तिथे प्लॉट पाडले होते. प्रत्येक घराला कंपाउंड, लोखंडी फाटक आणि नारळाची दोन रोपं. सकाळी पुरुष स्कूटरवरून कचेरीला निघून गेले की दिवसभर नगरात फक्त बायका आणि बंद फाटकं. गल्लीत माझ्या आईने कधी कुणाला ‘कोठे जाऊन आले’ हे सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना दिसायचंच. नगरात कुणाला काही दिसत नव्हतं. पुढे जे झालं ते तिथूनच सुरू झालं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण भिंतीला दोष देणं सोपं असतं. ते माझ्यातच होतं.

त्या वर्षांत सगळंच भराभर येत होतं. ज्या फोनसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबले होते तो घराघरांत वाजू लागला. छपरांवरून केबलच्या तारा गेल्या. पुढच्या गल्लीतल्या एका बँकवाल्याने आपल्या फोनच्या डायलला छोटंसं कुलूप घातलं होतं आणि किल्ली तो कचेरीत घेऊन जात असे. बिलासाठी, असं तो म्हणायचा, पण कुलूप बिलासाठी नाही हे नगरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघं त्याच्यावर हसायचो. माझी बायको तर त्याची नक्कल करायची. कमरेला किल्ली अडकवून ऐटीत चालून दाखवायची.

ती पापनाशमची. वडील शाळामास्तर, घरी आमच्यासारखीच मराठी. बी.कॉम. झालेली. मुलगी शाळेत जायला लागली आणि बस स्टँडजवळ एक कम्प्युटर शिकवणारं सेंटर उघडलं, तेव्हा तिथे प्रवेश आणि वेळापत्रक बघायला बाई हवी होती. तिने मला विचारलं. मी हो म्हटलं, मनापासून म्हटलं. घरी मुलीकडे बघायला माझी आई होतीच. दोनदा बस बदलून जावं लागायचं म्हणून मोपेड घेतली, आणि ती चालवायला मीच शिकवली. नगरातले अर्धे रस्ते तेव्हा रिकामेच होते. मी कॅरियर धरून मागे धावायचो, ती ओरडायची, ‘सोडूं नका हं, सोडूं नका,’ आणि मी केव्हाच सोडलेलं असायचं. कोपऱ्यावर वळून ती एकटीच परत आली तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला. लग्नाच्या दिवशीही तो तसा नव्हता.

एक वर्ष बरं गेलं. ती सेंटरातल्या गमती सांगायची. सेंटरचा मालक तरुण होता, मद्रासहून आलेला, इंग्रजीत बोलायचा. त्याने तिलाही कम्प्युटर शिकवला. जेवताना ती त्याचं नाव सहज घ्यायची, जसं एखादीने दुकानदाराचं घ्यावं.

मग एका रविवारी, फाटकाशी पेपर वाचत उभे असलेले शेजारचे निवृत्त गृहस्थ मला तमिळमध्ये म्हणाले, ‘सार, तुमच्या घरच्यांची गाडी परवा पुदु आरुच्या रस्त्याला दिसली.’ एवढंच. त्यांनी डोळा मारला नाही, हसले नाहीत. पुदु आरु म्हणजे नवी नदी, पण तो आहे कालवाच, गावाच्या कडेने जाणारा. सेंटरपासून आमच्या घरापर्यंतच्या वाटेत तो येत नाही.

मी तिला विचारायला हवं होतं. तेवढ्यावर सगळं संपलं असतं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी पोर्चमध्ये जाऊन तिच्या मोपेडच्या मीटरवरचा आकडा बघितला. संध्याकाळी पुन्हा बघितला. घर ते सेंटर साडेचार किलोमीटर. जाऊन येऊन नऊ. त्या दिवशी नऊच होते. दुसऱ्या दिवशीही नऊ. तिसऱ्या दिवशी तेरा.

मी तो आकडा कुठे लिहून ठेवला नाही. लिहायची गरज पडत नसे. कचेरीत फायली पुढे ओढताना तो डोक्यात फिरत राहायचा. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, तेरा. मी आडून विचारायचो, ‘आज उशीर झाला?’ ती म्हणायची, ‘काम होतं.’ मग मी कचेरीतून सेंटरला फोन करू लागलो. पाच वाजता करायचा, तिचा आवाज आला की ठेवायचा. सव्वापाचला पुन्हा करायचा. दुसऱ्या कुणी उचलून ‘त्या गेल्या’ म्हटलं की तोही ठेवायचा. पाच वाजून दहा मिनिटांनी निघालेली बाई घरी सहाला पोचते. मधला अर्धा-पाऊण तास ती कुठे जाते, याची मी जी चित्रं रंगवली ती इथे लिहिणार नाही. प्रत्येक चित्रात तो इंग्रजी बोलणारा तरुण होता.

घरात मी वाईट वागत नव्हतो. उलट जास्तच चांगलं वागत होतो. तिच्यासाठी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं आणायचो आणि ती केसांत माळताना तिच्या मानेकडे बघत राहायचो. माझ्या आईला काहीतरी जाणवलं असावं. ती एकदा म्हणाली, ‘तिजवर असा डोळा ठेवून बसूं नकोस. दूधदेखील बघत बसलं तरी ऊतूं जातंच.’

शेवटी एक दिवस मी अर्धी रजा टाकली. माझी स्कूटर तिने ओळखली असती म्हणून एका सहकाऱ्याची मोटारसायकल मागून घेतली. दवाखान्यात जायचं आहे असं त्याला सांगितलं. ती पाचला सेंटरातून बाहेर पडली. एकटीच होती. बरंच अंतर ठेवून मी मागे निघालो. ती कालव्याच्या रस्त्याला वळली तेव्हा मला जे वाटलं त्याला मी दुःख म्हणू शकत नाही. आपलं गणित बरोबर आलं, असं काहीतरी ते होतं.

दोनेक किलोमीटरवर कालव्यात उतरायला पायऱ्या होत्या. तिने मोपेड एका झाडाखाली लावली, चपला काढल्या आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर जाऊन बसली. मी पाण्याच्या पंपाच्या शेडमागे थांबलो. पलीकडच्या काठावर दोन बाया कपडे धूत होत्या. तिने पिशवीतून एक पेरू काढला आणि हळूहळू खाल्ला. पाय पाण्यात सोडले. पाण्याकडे बघत बसली. मी रस्त्याकडे बघत होतो, कोण येतं ते. कुणी आलं नाही. वीस मिनिटांनी ती उठली, पाय पुसले, चपला घातल्या आणि घरी गेली.

मला हायसं वाटायला हवं होतं. माणसाला वाटतं तसं. पण मला राग आला. कुणीतरी यायला हवं होतं. इतके दिवस मी ज्याला मनात वागवत होतो तो आलाच नाही, आणि माझी जणू फसवणूक झाली. मी स्वतःला सांगितलं, आज आला नाही, एवढंच.

म्हणून मी पुन्हा गेलो. मग तिसऱ्यांदा गेलो. तोवर कालव्याचं पाणी बंद झालं होतं. पायऱ्यांखाली चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, तरी ती तिथे येऊन बसली. मी शेडमागून बघत होतो. तिने मान न वळवता म्हटलं, ‘या. उन्हात कशाला उभे राहतां?’

मी पायऱ्या उतरलो. माझ्या हातात दुसऱ्याच्या मोटारसायकलची किल्ली होती. ती मी खिशात घातली.

‘मीटर बघतां हे मज ठाऊक होतं,’ ती म्हणाली. ‘दोन महिने झाले. तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते.’

मी म्हटलं, ‘तू सांगितलं का नाहीस?’

‘काय सांगूं? बसते म्हणून? घरी गेले की स्वयंपाक, पोरीचा अभ्यास, अत्तींचे पाय. तिथे दिवसभर सगळे विचारत असतात. इथे कोणी काही विचारत नाही. एवढ्यासाठी येत होते. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, नाहीतर बरोबर आला असता.’

अत्ती म्हणजे सासू, माझी आई. तिचे गुडघे दुखायचे आणि रोज संध्याकाळी माझी बायको त्यांना तेल लावायची. मी ते रोज बघत होतो आणि मला ते कधी काम वाटलं नव्हतं.

मग ती म्हणाली, ‘पाच वाजता फोन वाजला की सेंटरातल्या मुली हसतात. उचलण्याआधीच हसतात. मी उचलते, तुम्ही ठेवतां. काल मालकांनी मज आत बोलावून विचारलं, घरी काही त्रास आहे का म्हणून.’

तेव्हा तरी मी गप्प राहायला हवं होतं, किंवा तिचा हात धरायला हवा होता. आजही मी कधीकधी ती पायरी मनात उतरतो आणि तिथे दुसरं काहीतरी बोलतो. पण खरं बोललो ते असं: ‘तो इथे कधी आला होता?’

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. रडलीही नाही. मोजून-मापून ठेवलेली एखादी वस्तू कुणीतरी उचलून न्यावी तसं तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं आणि तिथे मागे कुणीच उरलं नाही. मग तिने चपला घातल्या.

महिना संपताच तिने काम सोडलं. मी नको म्हटलं, हात जोडले, माफी मागितली. आईनेही समजावलं. ती म्हणाली, ‘नको. त्या मुलींस तोंड कसं दाखवूं?’ मोपेड पोर्चमध्ये उभी राहिली. पावसाळ्यात तिची सीट फाटली, आतला स्पंज खारींनी नेला.

आणि मग दुसरं सुरू झालं. ती मला सगळं सांगू लागली. मी कचेरीतून आलो की कॉफीचा पेला-डबरा पुढे ठेवून, भांडणाचा सूर नाही, टोमणा नाही, सपाट आवाजात: सकाळी दहाला भाजीवाला आला, त्याच्याशी बोलले, वांगी घेतली. साडेअकराला देवळात गेले. वाटेत शाळेतला वॉचमन भेटला, त्याने विचारलं पोर कशी आहे, मी म्हटलं बरी आहे. बारा-वीसला परत आले. गॅसवाला आला, आत आला नाही, दारातच सही केली. पहिल्या दिवशी मला वाटलं, ती सलोखा करते आहे. आठवड्याने कळलं, ती हिशेब देते आहे. मी म्हटलं, ‘हे सांगायची गरज नाही.’ ती म्हणाली, ‘असूं द्या.’ महिन्याने मी ओरडलो. तिने ओरडणं संपेपर्यंत वाट बघितली आणि राहिलेलं सांगितलं.

त्या सगळ्यात ती स्वतः कुठेच नसे. काय आवडलं, कशाचं हसू आलं, कशाची भीती वाटली, यातलं काही नाही. बँकवाल्याची नक्कल करणारी बाई त्या चौथ्या पायरीवरच राहिली. माझा संशय त्याच दिवशी मेला होता. मी तिच्यावर आज डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाला काडीचीही किंमत नाही, कारण तो तिला नको आहे.

आई गेली तेव्हा ती खूप रडली, माझ्या खांद्यावर नाही. मुलगी शिकली, कोइम्बतूरला नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. नगरातले सगळे प्लॉट भरले. फोन प्रत्येकाच्या खिशात आला. आता ती बाहेर गेली की तिथून कळवते: पोचले. निघाले. रिक्षात बसले, रिक्षावाला म्हातारा आहे. बहिणीकडे पापनाशमला जाते तेव्हा बसमध्ये शेजारी कोण बसलं आहे तेही सांगते. मी ‘बरं’ म्हणतो. मागे एकदा तापात पडलो असताना मी तिला म्हटलं, ‘मला आता तरी माफ कर.’ ती कपाळावरची पट्टी बदलत होती. म्हणाली, ‘कधीच केलं. माफ करणं अवघड नसतं.’ आणि दुसरी पट्टी पाण्यात बुडवली.

गेल्या पोंगलला मुलगी आणि जावई आले होते. बायको देवळातून परतली, चपला काढता काढता तिने मला सांगायला सुरुवात केली, कोण भेटलं, किती वेळ रांग होती, कोणत्या रस्त्याने आली. जावई ऐकत होता. मुलगी हसून त्याला तमिळमध्ये म्हणाली, ‘अम्मा अप्पांना सगळं सांगते. लहानपणापासून बघते आहे. काही म्हणजे काही लपवत नाही.’ जावई म्हणाला, ‘अशी जोडी आता बघायला मिळत नाही.’

बायको बोलायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, कित्येक वर्षांनी सरळ डोळ्यांत, आणि थांबून राहिली. मी काय म्हणतो ते तिला बघायचं होतं. मुलीला खरं सांगायचं असतं तर ती वेळ होती.

मी म्हटलं, ‘हो, तिची सवयच आहे ती.’

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, पोंगलसाठी गूळ किसायला घेते आहे म्हणून.