तोंडातला धोटा

धोटा माझ्या तोंडात होता. आडवा. कुत्र्याच्या तोंडात लाकूड देतात तसा. दोन्ही टोकांना लोखंड, मध्ये लाकूड. लाकडाला तेलाचा वास आणि कुणाकुणाच्या थुंकीचा. कापडखात्याच्या दारापासून गिरणीच्या फाटकापर्यंत मला तसं चालायचं होतं. मध्येच पाडलास तर पुन्हा दारापासून, असं नाना जॉबरनं, तिथल्या मुकादमानं, बजावलं होतं.

जेवणाची सुट्टी होती. माणसं भाकरीची फडकी सोडून भिंतीच्या सावलीला बसली होती. काही हसली. काहींनी मान खाली घालून भाकरी मोडली. माझी लाळ हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होती. पुसायला हात उचलला तर नाना मागून ओरडला, "हात खाली." मी हात खाली घेतला. मी काही पोर नव्हतो. माझं लग्न झालं होतं, बायको पोटुशी होती. ती तिथंच रिळाच्या खात्यात कामाला होती आणि दारात उभी राहून बघत होती.

फाटकाशी पोचल्यावर मी धोटा तोंडातून काढला आणि पुढे केला. नाना दोन पावलं मागं सरला. म्हणाला, "घिऊन जा घरला. बाटलाय त्यो. आता तुजाच."

माझा गुन्हा सांगतो. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणारं होडीसारखं लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची सोलापुरात तेव्हा एकच रीत होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत जिभेवर येतं. विणकर दिवसभर हेच करायचे. एक पाळी घरी गेली की दुसरी पाळी त्याच धोट्याला तोंड लावायची. मराठा, लिंगायत, पद्मशाली, मुसलमान. गावाकडं एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी माणसं इथं एकमेकांची थुंकी बिनबोभाट चोखत होती.

आणि म्हणूनच आम्हां महारांना माग नव्हता. सूतखात्यात आम्ही चालत होतो. धुरळ्यात उभं राहायचं, तुटलेली सुतं सांधायची, कांड्या भरायच्या, टोपल्या वाहायच्या. कापडखात्यात मजुरी चांगली, पण तिथं धोटा तोंडाला लावावा लागतो, तेव्हा तुम्ही तिथं नको. हे कारण इतकं सरळ वाटायचं की आमच्यातलंही कुणी त्याच्यावर दुसरा शब्द बोलत नसे.

मी कांड्यांची टोपली घेऊन कापडखात्यात जायचो. मैंदर्गीचा इरण्णा तिथं मागावर होता. भला माणूस. मी त्याच्या मागाशी थोडा वेळ रेंगाळलो तर हाकलत नसे. कधी आपणहून दाखवायचा, हे असं, ते तसं. मला मागाचं वेडच लागलं होतं. सूतखात्यात दिवसभर राबून शेवटी हातात काही दिसत नाही. इथं समोर कापड वाढायचं. त्या दिवशी इरण्णा पाणी प्यायला गेला होता. कांडी संपली, माग थांबला. थांबलेल्या मागासाठी त्याला बोलणी खावी लागणार. माझ्या हातानं नवी कांडी घातली, माझ्या तोंडानं सूत ओढलं. एवढंच. नाना मागं उभा होता.

इरण्णा परतला तेव्हा सगळं कळलं त्याला. त्यानं माग पुन्हा सुरू केला.

घरी गेलो. धोटा कोपऱ्यात टाकला. तानीनं, माझ्या बायकोनं, भाकरी वाढली ती मी तशीच ठेवली. तोंडात काही घालावंसंच वाटेना. स्वतःच्या तोंडाची किळस आली होती. आमचा बा म्हणाला, "आपलं तोंडच बाटकं हाय लेकरा. त्येला कोन काय करनार?" मोठ्या माणसांशी बोलताना बा नेहमी पटक्याचा शेव तोंडावर धरायचा, आपला श्वास त्यांना लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो तसाच, तोंडावर शेव धरून, नानाच्या पाया पडून आला. माझं काम वाचलं. मला बाचा राग आला आणि त्याच्याशिवाय आपलं चालणार नाही हेही कळत होतं. मी टोपली उचलली आणि पुन्हा कामाला लागलो. दुसरं काय करणार होतो?

आई वाकळ शिवायची. डोळ्यांनी तिला कमी दिसायचं, सुईत दोरा जाईना. तर तिनं टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचे केस मागून आणले होते. ताठ केस दुमडायचा, दुमडलेलं टोक चाचपत नेढ्यातून पलीकडं घालायचं, पलीकडं झालेल्या फासात दोरा अडकवायचा आणि केस मागं ओढायचा. दोरा केसामागून निमूट येतो. हे मी कितीदा बघितलं असेल. त्या दिवशी बघता बघता माझी नजर कोपऱ्यातल्या धोट्याकडं गेली. धोट्याचं भोक म्हणजे तरी काय, मोठं नेढंच की.

मी उठलो. केस वापरून बघितला, तो धोट्यात वाकायचा. शेजारी तुणतुणं वाजवणारे एक आजोबा होते, त्यांच्याकडून तुटकी तार आणली. टोक दगडावर ठोकून बारीक आकडा केला. भोकातून तार आत घातली, सुताला आकडा लावला, ओढलं. सुटलं. पुन्हा आकडा थोडा मिटवला, थोडा उघडला. सूत फाटायचं, तार अडायची. बरेच दिवस कामावरून आलो की मी तेच करायचो. तानी म्हणायची, वेड लागलंय. मग तीच शेजारी बसून कांडी धरायला लागली. आकड्याचं तोंड आतल्या बाजूनं घासून गुळगुळीत कर, म्हणजे सूत फाटणार नाही, हे तिनंच सुचवलं. आणि एके दिवशी सूत सरळ बाहेर आलं. ओठ न लावता. श्वास न ओढता. तोंडानं लागतो त्याहून कमी वेळात.

मी हसलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसलो. मला वाटलं, झालं. कारणच मिटलं. थुंकीमुळं माग नाही, आता थुंकीच नाही, म्हणजे माग आहे. इतका भोळा होतो मी.

कापडखात्याचे मास्तर, म्हणजे नानाच्या वरचे साहेब, शिकलेले होते, कोट घालायचे. नानाच्या देखत मी त्यांना दाखवलं. माझाच धोटा, माझीच तार. त्यांनी दोनदा करून दाखवायला लावलं. मग तार कागदात धरून उजेडात बघितली आणि म्हणाले, "हुशार आहेस."

मी म्हणालो, "साब, आता तोंडाचा सवालच न्हाय. मला माग द्या."

मास्तरांनी नानाकडं बघितलं. नाना म्हणाला, तोंड नसलं तरी कापडाला हात लागेल. मी म्हणालो, ते सूत माझ्याच खात्यातून येतं, तुटतं तिथं मीच बोटानं सांधतो. त्या कापडाला आमचा हात लागलेलाच आहे. नानानं मास्तरांकडं बघितलं. मग म्हणाला, शेजारच्या मागावरची माणसं उठून जातील. मी म्हणालो, विचारून बघा त्यांना. विचारायला कुणी गेलं नाही. नाना म्हणाला, "तुमच्यातला कोन आजवर बसलाय का मागावर?" म्हणजे बसला नाही म्हणून बसायचं नाही. मास्तर "बघू" म्हणाले आणि तार कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात घातली.

वाटेनं मी तेच घोळवत आलो. एक कारण पुसलं की दुसरं तयार. दुसरं पुसलं की तिसरं. नकार मात्र जागचा हलत नव्हता. घर जवळ आलं आणि माझे पाय थांबले. आधी नकार ठरला होता. कारण मागाहून शोधलं होतं. थुंकी, हात, शेजारी, सगळी मागाहून आणलेली. आणि आम्ही वाडवडलांपासून त्या कारणांशी झुंजत बसलो होतो, तोंडावर शेव धरून. मला रस्त्यात बसून रडू आलं. कळल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. कळूनही हातात काही नव्हतं. उलट आधी निदान कारण तरी होतं.

काही दिवसांनी नानानं मला कापडखात्यात बोलावलं. खाली तारेचं वेटोळं पडलं होतं. आकड्यानं काम लवकर होतंय, मास्तरांनी सगळ्या मागांना एकेक द्यायचं ठरवलंय, असं तो म्हणाला. लोहाराला ते जमेना. सुटीत बसून मी वाकवून द्यायचे.

मी विचारलं, "माज्या हातचं चालतंय?"

"आगीतनं काडून घिऊ," नाना म्हणाला.

मी म्हणालो, "आगीनं तार चोक व्हतीया, मग त्यो धोटा धगीवर धरून का न्हाय चोक केला? मला का फाटकापत्तुर चालवलं?"

आजूबाजूचे माग चालूच होते, पण जवळची माणसं वळून बघायला लागली. नाना म्हणाला, मुकाट्यानं काम कर. इरण्णा आपल्या मागावरून माझ्याकडं बघत होता. रंगीत सूत ओढून ओढून त्याला कायमचा खोकला लागला होता. तो हळूच म्हणाला, "करून दे की. आमाला बी घरदार हाय."

हे ऐकून मी पार खचलो. तो खोटं बोलत नव्हता. माझ्या आकड्यानं त्याची छाती वाचणार होती. ज्यांनी मला तसं चालताना बघून भाकरी मोडली, त्यांचीही. आणि मला तर ते वेटोळं उचलावंसंही वाटत होतं. हाताला ते काम येत होतं, आवडत होतं. तानीचे दिवस भरत आले होते.

मी म्हणालो, "करतो. समद्यास्नी करून देतो. पर आदी मला माग द्या. न्हाय देनार तर कारन सांगा. खरं."

या वेळी नानाला नवं काही सापडेना. शेवटी म्हणाला, "न्हाय म्हंजे न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला खरं सांगितलं होतं.

मी वेटोळ्याला हात न लावता उभा राहिलो. मग चालायला लागलो. कापडखात्याच्या दारापासून फाटकापर्यंत, तीच वाट. तोंडात काही नव्हतं. मागून कुणीच आलं नाही, इरण्णाही नाही.

कुणाला वाटेल पुढं काही चांगलं झालं. झालं नाही. मी रेल्वेच्या रुळांवर खडी फोडायला लागलो. तानी बाळंत झाल्यावर ओल्या अंगानंच रिळाच्या खात्यात परत गेली. मुलीला टोपलीत घालून न्यायची. आकडे दुसऱ्या कुणीतरी कसेबसे वाकवले. तानी सांगायची, निम्मे लोक आकडा वापरतात, निम्मे सवयीनं अजून तोंडच लावतात. आमच्यातला कुणी मागावर बसला नाही.

मी काम सोडलं त्या दिवशी बानं पटका बांधला आणि शेव हातात घेतला. नानाकडं जातो म्हणाला, पाया पडतो. मी दारात आडवा झालो. त्याचा हात धरून तोंडापासून खाली घेतला. म्हातारा खूप चिडला, मला शिव्या दिल्या, घरदार उपाशी मारशील म्हणाला. कदाचित मारीनही. पण तो गेला नाही.

तो धोटा अजून घरात आहे. कामावरून आल्यावर वस्तीतली माणसं ओट्यावर बसतात. मी धोटा आणि नव्यानं वाकवलेली तार त्यांच्या हातात देतो. सूत काढून बघा म्हणतो. सगळ्यांना जमतं, पोरींनासुद्धा. मग विचारतो, मग आपल्याला माग का नाही? कुणी म्हणतं थुंकी. मी म्हणतो, ती गेली. कुणी म्हणतं हात, कुणी म्हणतं रीत. एकेक पुसत जातो. शेवटी कारणं संपतात आणि मी रस्त्यात रडलो त्या दिवशीची माझी कळा त्यांच्या तोंडावर येते. ती बघवत नाही. तरी मी थांबत नाही. ती आल्याशिवाय पुढचं सुरू होणार नाही.

माझी मुलगी बोलायला लागली आहे. आजोबाचं बघून तोंडावर हात धरून बोलली तर मी तो हात काढतो. तिच्या घरात कुणी आपलं तोंड बाटकं म्हणणार नाही.

आता आम्ही त्यांची कारणं खोडत बसणार नाही. ती फक्त एकेक करून त्यांच्यासमोर बाजूला ठेवणार. उरलेलं उघडं "न्हाय" त्यांच्याच तोंडून वदवून घेणार, सगळ्यांच्या देखत, आणि मग त्याच्याशी भांडणार. त्या फाटकातून मी एकटा बाहेर पडलो. आत एकटा जाणार नाही.