नेकर नदीच्या तीरावर

मत्सर कधी दार वाजवून येत नाही. क्रोध येतो तो आवाजात ऐकू येतो, लोभ येतो तो डोळ्यांत दिसतो. मत्सर मात्र घरच्या माणसासारखा आपल्याच पाटावर येऊन बसतो, आपल्याच ताटातले जेवतो, आणि आपण त्याला आपली न्यायबुद्धी समजून प्रेमाने वाढत राहतो. केडगावच्या मार्तंडगुरुजींच्या घरी तो असाच येऊन बसला. गुरुजींवर माझा जीव आहे. ज्याच्यावर जीव नाही त्याचे दोष सांगण्यात काय पुण्य?

मार्तंडगुरुजी म्हणजे पूजा सांगणारे घराणे. पुणे रस्ता सोडून आतल्या गल्लीत वळले की त्यांचे घर. गणपती बसवायचा, बोलवा मार्तंडगुरुजींना. वास्तुशांत करायची, बोलवा मार्तंडगुरुजींना. उंच अंग, स्वच्छ धोतर, आणि आवाज असा की मंत्र कळो न कळो, ऐकणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत. त्यांच्या मागे, सामानाची पिशवी नीट लावून देणारी, सुपाऱ्या मोजून बांधणारी, यजमानांचे निरोप लक्षात ठेवणारी त्यांची पत्नी शोभा. तिला कोणी नावाने ओळखत नसे. ती गुरुजींकडची.

मग ती टाळेबंदी आली. देवळे मिटली, कार्ये थांबली, गुरुजींचे धोतर घडीतच राहिले. त्या दिवसांत बंगळुरात राहणाऱ्या एका भाचीने शोभाताईंना फोन करून विचारले, माझ्या मुलीला मोबाईलवरून रामरक्षा शिकवशील का? शोभाताईंनी शिकवली. भाचीच्या शेजारणीची मुलगी आली, तिच्या मागे तिची मैत्रीण. हा पहिला पाझर. मग श्रावणातल्या कहाण्या त्या मोबाईलपुढे बसून सांगू लागल्या, आणि ज्या सुना सासरपासून दूर राहतात त्या कानात यंत्र घालून ऐकू लागल्या. हा दुसरा. मुंज-लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर गोड, घोटीव मराठीत लिहून पाठवणे हा तिसरा. आणि तुपात भिजवलेल्या फुलवाती डबीत भरून कुरिअरने धाडणे, हा चौथा. एकही पाझर मोठा नव्हता. पण आपल्या या कोरड्या मुलखात विहिरी भरतात त्या अशाच, चहूंकडून, गाजावाजा न करता.

कार्ये पुन्हा सुरू झाली. गुरुजींचे धोतर पुन्हा घडीबाहेर आले. पण पाझर आटले नाहीत.

गुरुजींना बायकोच्या कमाईचे वावडे नव्हते. त्यांना लागले ते वेगळेच. कुरिअरवाला दारात येऊन त्यांनाच विचारी, "शोभाताईंचं घर हेच ना?" काष्टी गावात एका मुंजीत एक बाई त्यांच्या पाया पडली, आणि मान वर करून म्हणाली, "तुम्ही शोभाताईंचे यजमान ना? मी रोज त्यांची कहाणी ऐकते. काय गोड सांगतात." गुरुजी हसले. हसू ओठांवर राहिले आणि पंगतीतला लाडू पानात राहिला. ज्या गावात आपण नावाने ओळखले जातो, त्या गावात आपण कोणाचे तरी यजमान व्हावे? ज्या दिव्याची आपण ज्योत, त्याच दिव्याची आपण एकाएकी नुसती पणती व्हावे?

तेव्हापासून ते दाराआड उभे राहू लागले. शोभाताई मधल्या खोलीत मुलांना स्तोत्र शिकवत, आणि हे दाराआड तिच्या उच्चारांची चूक शोधत. कुठे जोडाक्षर घसरते का, कुठे विसर्ग गळतो का. चूक सापडत नसे. सापडली असती तर त्यांना झोप लागली असती. दुपारी जेवण झाले की ते बाहेरच्या ओट्यावर बसून, आवाज अगदी लहान करून, तिच्या कहाण्या ऐकत. एकेक कहाणी दोन-दोनदा. ऐकणाऱ्यांचा आकडा वाढलेला पाहून जळत, आणि त्या आकड्यात आपलीही भर आहे हे त्यांच्या ध्यानात येत नसे. मत्सरी माणसासारखा निष्ठावंत श्रोता त्रिभुवनात नाही.

शेजारच्या बनुबाई फुलवाती वळायला येत. मूळच्या तिसगावच्या, जिभेने तिखट, मनाने लोणी. एकदा गुरुजी ओट्यावर कान लावून बसलेले पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, आत वैनी जित्त्या बोलत्यात, त्या सोडून पेटीतल्या वैनीचं काय ऐकता?"

"चुका काढतोय," गुरुजी म्हणाले.

"निघाल्या का?"

"शोधतोय."

"मंग शोधा. वाती वळायला हात मोकळे असतील तर तेबी द्या."

एके दिवशी एक निरोप आला. भार्गवी नावाची एक गृहिणी, जर्मनीत नेकर नदीच्या काठच्या एका शहरात राहणारी. तिची मुलगी शोभाताईंकडे स्तोत्रे शिके. भार्गवी आणि तिचा नवरा केदार नव्या घरात राहायला गेले होते. त्यांना सत्यनारायण करायचा होता, आणि तिकडे पूजा सांगणारे जवळपास कोणी नव्हते. शोभाताईंनी निरोप वाचून दाखवला. "मोबाईलवरून पूजा सांगाल का, विचारते. मंत्र तुम्ही म्हणा. मी बाजूला बसते. तिकडे आंब्याची पानं मिळत नाहीत, विड्याची पानं मिळत नाहीत, काय चालेल ते मी सांगत जाईन."

गुरुजींच्या मनात दोन ज्योती एकदम पेटल्या. एक आनंदाची: आपल्यालाही हाक आली, आपलाही पाझर फुटला. दुसरी त्याच काडीने पेटलेली: हाक तिच्या दारातून आली. तिच्या मोबाईलवर. तिच्या शिष्येच्या आईकडून.

"तू कशाला बसायला हवीस?" ते म्हणाले. "एवढी वर्षं मी काय पानांच्या आधारावर पूजा सांगतोय?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मी एकटा बसेन. दार लावून. मध्ये कोणी बोलायचं नाही."

आता या पूजेवर त्यांनी काय लावले होते ते पाहा. ही पूजा निर्विघ्न झाली की केदार चार जणांना सांगणार, ते आणखी चौघांना. मग लोक शोभाताईंच्या घरी पुन्हा मार्तंडगुरुजींना शोधत येणार. एका सत्यनारायणाच्या बळावर त्यांना आपले नाव परत मिळवायचे होते. देवाच्या पूजेत देवापेक्षा मोठा प्रसाद त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता.

रविवारी जर्मनीत सकाळ, इकडे टळटळीत दुपार. शोभाताईंनी पाट मांडला, समई लावली, मोबाईलसाठी आपली तिपाई आणून ठेवली. गुरुजींनी ती बाजूला सारली आणि मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. दार लावण्याआधी शोभाताई उंबऱ्यात थांबल्या.

"अहो, एवढं एकच. संकल्पाच्या वेळी त्यांचं..."

"संकल्प आता तू मला शिकवणार?"

शोभाताईंनी दार ओढून घेतले.

सुरुवातीला भार्गवी-केदारना गुरुजींच्या जागी पंखा दिसला, कारण तांब्या घसरला. तो सावरला. मग आचमन झाले, प्राणायाम झाला. समोर पडद्यावर ती दोघे पाटावर बसलेली, केदारच्या ओंजळीत पाणी, अक्षता, सुपारी. गुरुजींचा आवाज चढला. दाराबाहेर ती ऐकते आहे, या जाणिवेने तो आणखी चढला. पूजा करणारा कोण, कोणत्या काळी, कोणत्या स्थळी बसून ती करतो आहे, हे संकल्पात उच्चारायचे असते. ते उच्चारण गुरुजींच्या जिभेवर लहानपणापासून वसलेले. दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे... आणि जीभ तिच्या रोजच्या वाटेने चालत गेली. नेकरच्या काठी बसलेल्या त्या दांपत्याला तिने उचलून आणले आणि गोदावरीच्या दक्षिण तीरावर, थेट नगरच्या मुलखात, नेऊन बसवले.

केदारने भार्गवीकडे पाहिले. भार्गवी हळूच म्हणाली, "गुरुजी, एक विचारू का? शोभाताईंनी मुलांना शिकवलंय, जिथे बसलो आहोत तिथल्या नदीचं नाव घ्यायचं. आम्ही गोदावरी म्हणायचं की..."

तेव्हा गुरुजींना दिसले. आपली चूक दिसली, आणि त्याच क्षणी हेही दिसले की जे सांगायला ती उंबऱ्यात थांबली होती ते हेच. पहिली गोष्ट सोसण्यासारखी होती. दुसरी नव्हती.

"देवाला सगळ्या नद्या गोदावरीच," ते गंभीर आवाजात म्हणाले. "उदक सोडा."

केदारने पाणी सोडले. पूजा पुढे चालली. सुंदर चालली. गुरुजींचा एक स्वर चुकला नाही. पण प्रत्येक मंत्राखाली त्यांना एकच गोष्ट ऐकू येत होती: भरल्या आवाजात, भाविक यजमानासमोर, देवाच्या नावाने आपण खोटे बोललो.

आरती झाली. पाहुणे जमले की प्रसाद वाटू, असे सांगून भार्गवीने फोन ठेवला. गुरुजी बाहेर आले. बनुबाई भिंतीला टेकून कापूस पिंजत होत्या.

"गुरुजी, दाराआडून समदं ऐकलं बरं का. आता मला एक सांगा. त्या बाईनं पूजा केली तिकडं, अन् तुमी पत्ता दिला हिकडचा. मंग फळ कुनाला लागलं? केडगावाला?"

"बनुबाई, गप्प बसा," शोभाताई म्हणाल्या.

"मी कशाला गप बसू? फुकटात सत्यनारायन पावला मला. उगी न्हाई म्हनायचं व्हय?"

गुरुजींना हसू आले नाही. बनुबाईंचा विनोद हा त्यांच्या शास्त्राचा नेमका निवाडा होता. ज्याचे स्थळ चुकले त्याचा संकल्प त्याचा राहत नाही. ती दोघे नव्या घरात विश्वासाने ओंजळ धरून बसली, आणि आपण त्या ओंजळीतले पाणी दुसऱ्याच मातीवर सांडले. कशासाठी? आपल्या नावासाठी. मागावी तर मोबाईलवर क्षणभरात क्षमा मागता येते. पण ती मागायची तिच्यासमोर, तिच्याच मोबाईलवर, तिचेच म्हणणे खरे होते असे सांगून. याहून गाभाऱ्यात उपाशी बसणे सोपे, असे त्यांना वाटले.

शोभाताईंच्या हातातला मोबाईल वाजला. गुरुजी पटकन पुढे झाले. "काय म्हणते? तक्रार आहे?"

"नाही. विचारते, पाहुणे आले आहेत, आता प्रसाद वाटला तर चालेल ना? गुरुजींना विचारून सांगा म्हणते."

गुरुजींना विचारून. आपले इतके चुकूनही त्या पोरीने विचारायचे ते त्यांनाच विचारले होते. त्या दोन शब्दांनी मार्तंडगुरुजींना उचलून पुन्हा पाटाकडे नेले.

"थांबायला सांग," ते म्हणाले. "आणि नदीचं नाव काय म्हणालीस?"

"मी म्हणालेच नव्हते. तुम्ही ऐकलं नाही."

"आता ऐकतो."

"नेकर."

"तीर कोणता? उत्तर की दक्षिण?"

शोभाताई थबकल्या. "ते मी विचारलं नाही. मुलांना नुसतं नेकरतीरे शिकवलं."

गुरुजींच्या छातीत काहीतरी हलके झाले, गोड झाले. तिचेही राहिले होते. आणि लगेच त्यांना कळले की हा गोडवा कोणत्या झाडाचा आहे. बाजूला सारलेली तिपाई त्यांनी स्वतः उचलून मध्ये ठेवली आणि मोबाईल तिच्यावर बसवला. दार उघडेच राहू दिले.

पडद्यावर केदार आला, मागे पाहुण्यांची कुजबुज. गुरुजींनी हात जोडले. "केदारराव, मघाशी मी चुकलो. संकल्पात तुमचं स्थळ यायला हवं होतं, मी आमचं म्हणून गेलो. भार्गवीताईंनी विचारलं तेव्हाही मी सरळ उत्तर दिलं नाही. प्रसाद वाटण्याआधी संकल्प पुन्हा करू. तुमचं घर नदीच्या कोणत्या अंगाला?"

केदारने मोबाईलवर नकाशा पाहिला. "उत्तरेला, गुरुजी."

"ओंजळीत पाणी घ्या."

या वेळी आवाज चढला नाही. नेकरनद्याः उत्तरे तीरे, असे शब्द त्या घरात पहिल्यांदाच उमटले, आणि जिभेला ते नवखे वाटले म्हणून गुरुजींनी ते सावकाश, एकेक अक्षर ठेवीत उच्चारले. पाणी सोडताना भार्गवीचे डोळे भरले.

"मंजी गेलं आमचं फळ," दारातून बनुबाई पुटपुटल्या.

"ताई कुठे आहेत?" भार्गवीने विचारले. "त्यांना समोर बोलवा ना."

गुरुजी पाटावर थोडे सरकले. शोभाताई येऊन शेजारी बसल्या. केदार म्हणाला, "गुरुजी, माझ्या कचेरीतल्या दोघा-तिघांना पूजा करायची आहे. कोणाच्या नंबरवर कळवू?"

हेच ते वाक्य. याच्याचसाठी त्यांनी दार लावून घेतले होते. गुरुजींचा हात मांडीवरच्या उपरण्याशी चाळा करीत राहिला. मत्सर उठून गेला नव्हता, तो तिथेच बसला होता, आणि आपले उत्तर काय हे त्याने गुरुजींच्या कानात सांगूनही टाकले होते.

"हिच्या," गुरुजी म्हणाले.

ते म्हणणे त्यांना किती जड गेले हे शोभाताईंना कळले. म्हणून पडद्याकडे पाहून त्या हसल्या नाहीत. नुसता पदर सारखा केला आणि नंबर सांगू लागल्या.