निंगव्वाचं बारा बरोबर बारा

कुंभारीच्या कामगार वसाहतीत निंगव्वाच्या तोंडाला नळावरच्या बायकासुद्धा वचकून असत. आता नळावर भांडणारी बाई सहसा कुणाला भीत नाही, म्हणजे बघा. एकदा एकीनं आपली घागर हिच्या आधी सरकवली, तर निंगव्वा फक्त म्हणाली, "भर बाई भर, तुज्या नवऱ्याला आंघोळीची लई गरज हाय." ती बाई पुढं कितीतरी दिवस दुसऱ्या गल्लीतनं पाणी आणत होती.

अशा घरात शिवानी सून म्हणून आली. पोरगी सोलापूर शहरातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातनं उठवून लग्न लावून दिलेली. गणितात हुशार, भाकरीत शून्य. निंगव्वानं तिला ज्वारीचं पीठ काढून दिलं, तेही जुनं. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, त्यात उकळतं पाणी घालावं लागतं. हे निंगव्वाला माहीत होतं, शिवानीला नव्हतं. निंगव्वा चुलीशेजारी मांडी घालून मजा बघत बसली. भाकरी थापताना चिरली, उलटताना तिचे तुकडे झाले. त्यातला मोठा तुकडा निंगव्वानं दोऱ्यात ओवला आणि दाराच्या खिळ्याला टांगला.

"ह्ये काय गं निंगव्वा?" येणारी-जाणारी विचारायची.

"सुनंनं नकाशा काढलाय. शिकलेली हाय न्हवं!"

मुंग्या लागेपर्यंत तो तुकडा तिथंच होता. शिवानी त्याच्याखालनं मान वाकवून ये-जा करायची. शिवानीचा नवरा सिद्धाराम टेम्पो चालवायचा. घरात दोन बायका गप्प असल्या की त्याला शांतता वाटायची, बिचाऱ्याला.

निंगव्वा वसाहतीतल्या बालवाडीत मदतनीस होती. झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. बालवाडीच्या मुख्य बाई म्हणजे मथुराबाई. त्यांना पोरांच्या आया हात जोडून नमस्कार करत आणि निंगव्वाकडं रडकं पोर न बोलता ढकलून निघून जात. हे निंगव्वाच्या मनात वर्षानुवर्षं सलत होतं. मथुराबाई मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे लोक म्हणाले, "निंगव्वा, तुम्ही दहावी पास झालात तर जूनपासनं खुर्ची तुमची." झालं! निंगव्वाला स्वप्नात खुर्ची दिसायला लागली. तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला, चष्मा केला आणि नळावर जाहीर करून टाकलं, "आता मला बाई म्हणायची सवय करा गं."

मराठी, इतिहास पाठ करून जमलं. गणित काही पाठ होईना. शेवटी एका दुपारी ती पुस्तक घेऊन सुनेपुढं बसली.

"शिवानी, ह्ये एक्स-वायचं सांग की जरा."

शिवानीनं हातातली मेथी बाजूला ठेवली. सासूला ती आत्या म्हणायची. "सांगते की आत्या. त्यात काय एवढं? बालवाडीत मुलं-मुली मिळून बारा आहेत आणि मुली मुलांपेक्षा दोननं जास्त. मुली म्हणजे एक्स, मुलं म्हणजे वाय. एक्स अधिक वाय बरोबर बारा, हे पहिलं समीकरण. एक्स वजा वाय बरोबर दोन, हे दुसरं. आता पहिल्यातनं एक्सची किंमत काढा."

"बारा वजा वाय."

"आणि ती किंमत एक्सच्या जागी ठेवा."

"कुटं ठिऊ?"

शिवानीनं मेथीची एक काडी उचलून मोडली. "जिथं एक्स दिसतोय तिथं."

निंगव्वाच्या डोळ्यांपुढं पहिलंच समीकरण होतं. तिनं त्यातच ठेवलं. बारा वजा वाय, अधिक वाय, बरोबर बारा. वायला वाय गेला. उरलं बारा बरोबर बारा.

निंगव्वा हरखली. तिचं माहेर मंद्रूपचं. आई आठवडी बाजारात भाजी विकायची आणि ही लहानपणापासनं तराजू धरायची. दोन पारडी समोरासमोर आली की वजन बरोबर, पुढं बोलायचं कारणच नाही. हितं तर पारडी अगदी एका रेषेत! तिनं तीन-चार गणितं केली, प्रत्येकात दोन्हीकडं सारखाच आकडा.

"दोन्हीकडं सारकं आलं न्हवं गं?"

"आलं की आत्या," शिवानी म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

तेव्हापासनं निंगव्वाला थांबवणं कठीण झालं. पीठ चाळताना, खिचडी ढवळताना, जिथं तिथं पारडी जुळवत बसायची. बाकीची प्रकरणं डोक्यावरनं जायची, पण ह्या एका प्रकरणावर आपण तरून जाणार याची तिला खात्री. सिद्धाराम एकदा म्हणाला, "आई, आमच्या वेळंला शेवटी एक्सचा आकडा येत हुता बग." त्याला तिनं झाडलं, "दोनदा नापास झाल्यालं मला शिकिवतंय!"

मार्चमध्ये पेपर झाला. निंगव्वा केंद्रावरनं नवरीसारखी परतली. निकाल लागला तेव्हा सगळ्या विषयांत पास, गणितात नापास.

तिला पटेना. आपली गणिताची वही घेऊन ती तडक मंद्रूपला गेली. तिथं चनमल्लप्पा सर होते, शाळेतनं निवृत्त झालेले. आयुष्यभर पोरांना रडवलेला माणूस. त्यांनी वहीतलं पहिलंच, बालवाडीच्या पोरांचं गणित बघितलं आणि चष्मा काढून पोट धरून हसले. आतनं बायकोला हाक मारली, "अगं, ये बघायला, बारा बरोबर बारा! ह्या बाईनं बाराला बारा शाबीत केलंय!"

"मग ते खोटं हाय व्हय?" निंगव्वा चिडली.

"खोटं कसं असेल? खरंच आहे. पण त्यातनं कळलं काय तुला? मुली किती, मुलं किती?"

निंगव्वानं वहीचं पान उलटून पालटून बघितलं.

"अगं बाई, ज्याच्या तोंडनं ऐकलं त्यालाच परत विचारलंस, तर तो तेच सांगणार. पहिल्यातनं एक्स काढला तर ठेवायचा दुसऱ्यात. बारा वजा वाय, वजा वाय, बरोबर दोन. वाय पाच, एक्स सात. संपलं! हे तर आठवीतलं पोरगं सांगतं. तुला शिकवलं कुणी?"

निंगव्वानं नाव सांगितलं नाही. "सांगणारं घरातलंच हाय," एवढंच म्हणाली आणि उठली.

कुंभारीला येईपर्यंत तिच्या मनात शिव्या तयार होत्या. पण शिवानी दारातच उभी होती, नवी साडी नेसून.

"तुला ठावं हुतं."

"काय?"

"दुसऱ्यात ठिवायचं ते."

"मी बी.एस्सी.ला होते आत्या. माहीत असणारच की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत, दोन्हीकडं सारखं आलं का. आलं होतं, आलं म्हणाले." मग ती पदर सारखा करत अगदी गोड आवाजात म्हणाली, "उकळतं पाणी घालायचं असतं हे तुम्हाला पण ठाऊक होतं. तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

निंगव्वाची नजर दाराच्या खिळ्याकडं गेली. शिवानीनं चपला घातल्या. "संस्थेत बोलावलंय. मदतनीस दहावी झाली नाही, तर बाहेरनं बारावीवालीला घेतो म्हणाले."

जूनमध्ये शिवानी खुर्चीवर बसली. निंगव्वानं मदतनीसाचं काम सोडलं नाही. सोडलं असतं तर दिवसभर घरी बसून नळावरच्या बायकांना उत्तरं द्यावी लागली असती. बालवाडीत निदान पोरं काही विचारत नव्हती. आयांसमोर शिवानी तिला आत्या म्हणायची नाही, "निंगव्वाबाई, पाणी भरा" म्हणायची.

जुलैत निंगव्वानं परत पेपर दिला. या वेळी किंमत काढून दुसऱ्यातच ठेवली, न चुकता. पास झाली. निकाल कळला तेव्हा बालवाडी भरलेली होती आणि आया पोरांना सोडायला आल्या होत्या.

शिवानी उभी राहिली. "ऐका सगळ्यांनी. आपल्या मदतनीस दहावी पास झाल्या. या वयात! वाजवा बघू टाळ्या."

पोरं नवीन होती, त्यांना काही कळेना. नुसती टकामका बघत राहिली. अशा पोरांना टाळ्या कुणीतरी सुरू करून द्याव्या लागतात, आणि ते काम मदतनीसाचं.

"निंगव्वाबाई," शिवानी हसून म्हणाली, "घ्या की सुरू करून."

निंगव्वानं झाडू भिंतीला टेकवला, ओले हात लुगड्याला पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.