येन्सन म्हणजे येन्सचा मुलगा

दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात मी उपसंपादक होतो, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींत आडनावांचा जाणकार म्हणून माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती. कुणी आडनाव सांगितलं की मी गाव, तालुका आणि जमलं तर कुलदैवत सांगत असे. मी चुकलो तरी आपल्यालाच घरचं नीट माहीत नसेल, असं समजून समोरचा गप्प बसे.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात, शुक्रवारी, माझे एक स्नेही बर दुबईला माझ्या घरी आले. ते अबूधाबीजवळच्या मुसफ्फामधल्या एका वेल्डिंग-फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मॅनेजर. त्यांची मुलगी खोर फक्कानला एका शिपिंग एजंटकडे नोकरी करत होती आणि बंदरावर क्रेनचं काम बघणाऱ्या एका डॅनिश मुलाशी तिला लग्न करायचं होतं. मुलाचं आडनाव येन्सन. त्याचे आईवडील पुढच्या शुक्रवारी जेवायला येणार होते. स्नेह्यांचा नकार नव्हता, पण होकारापूर्वी घराणं कळायला हवं होतं. डेन्मार्कात चौकशी करायला ओळखीचं कुणी नव्हतं. मी होतो.

मी ऑफिसातला विश्वकोश काढला. बातमीत महत्त्वाचं ते वर असतं, खालचं जागा कमी पडली की कापायचं असतं. त्या शिस्तीने मी नोंदीचा पहिला परिच्छेद वाचला. ‘सेन’ म्हणजे मुलगा. येन्सचा मुलगा येन्सन, नील्सचा नील्सन. बाकी आडनावं धंद्यावरून किंवा जागेवरून: स्मेड म्हणजे लोहार, होल्म म्हणजे छोटं बेट, स्कोव म्हणजे जंगल. मी लगेच स्नेह्यांना फोन केला. वडिलांचं नाव येन्स, मुलगा ते अभिमानाने लावतो, आपल्यासारखीच पद्धत, माणसं सरळ दिसतात, असं कळवलं. शेवटचा निष्कर्ष विश्वकोशात नव्हता.

पुढच्या शुक्रवारी अबूधाबीला स्नेह्यांच्या घरी पाहुणे आले. दारातच मी मुलाच्या वडिलांचा हात हातात घेऊन ‘मिस्टर येन्स’ म्हणून स्वागत केलं. त्यांनी हसून आपलं नाव सांगितलं. ते वेगळंच होतं. मग येन्स कोण, असा मी बातमीदाराच्या सवयीने पुढचा प्रश्न विचारला. माहीत नाही, असं म्हणून त्यांनी खांदे उडवले.

स्नेह्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं.

“अहो, बाप म्हणतोय येन्स कोण ते ठाऊक नाही. मग हा पोरगा कुणाचा?”

“दत्तक असू शकेल,” मी म्हणालो. ही एक शक्यता म्हणून मांडली होती. स्नेह्यांनी ती बातमी म्हणून घेतली. बाहेर जाऊन ते पाहुण्यांना म्हणाले की आपण जेवून घेऊ, बाकीचं नंतर बघू.

मुलीचा चेहरा उतरला. तिने मला गॅलरीत गाठलं. “काका, व्हॉट डिड यू टेल हिम?”

मी सांगितलं. तिने आत जाऊन ते सगळ्यांसमोर मुलाला सांगितलं. त्याची आई डोळे पुसेपर्यंत हसली. मग वडिलांनी खुलासा केला. पूर्वी दर पिढीला आडनाव बदलायचं. एकोणिसाव्या शतकात सरकारने ते थांबवलं आणि त्या वेळी जे होतं तेच पुढच्या सगळ्यांना चिकटलं. येन्स हा कुणीतरी खापरपणजोबांच्या मागचा. हे सगळं बहुधा दुसऱ्या परिच्छेदात असावं.

“लग्नाआधी मीही येन्सनच होते,” मुलाची आई म्हणाली. “नातं काही नाही.”

एकाच आडनावात लग्न! स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या कोशिंबिरीकडे पाहिलं.

शेवटी त्यांनी मला वगळून मुलाच्या वडिलांनाच थेट विचारलं, तुमचे वडील काय करायचे? पाहुणे म्हणाले, गावात लोहारकाम, नांगर दुरुस्त करायचे. वेल्डिंग मी त्यांच्याकडेच शिकलो. स्नेह्यांनी खुर्ची पुढे ओढली. कुठला इलेक्ट्रोड वापरता, इथून सुरुवात झाली. भात गार झाला तरी दोघांचं संपेना. मुलगी दोनदा वाढायला येऊन परत गेली.

जेवण आटोपल्यावर स्नेही तिला म्हणाले, “तारीख तुम्ही दोघं ठरवा. यल्ला, लागा तयारीला. फक्त काकांना विचारू नका.”